आईच्या फाइलचं कुलूप

आईला फाइलला पासवर्ड लावायला मीच शिकवलं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं. गंगापूर रोडला तिच्यासोबत फिरायला येणाऱ्या एका बाईंच्या आधार कार्डावर भलत्याच कुणीतरी सिमकार्ड घेतलं होतं. आईनं त्याचा धसका घेतला. आपली सगळी कागदपत्रं तिनं मोबाइलवर स्कॅन केली आणि एकेका फाइलला कुलूप ठोकलं. मी वर शहाणपणा शिकवला, "पासवर्ड असा ठेव, की घरातल्यांनाही ओळखता येऊ नये." माझं एवढं एकच म्हणणं तिनं आयुष्यात तंतोतंत ऐकलं.

मग एका सकाळी ती बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी कधी भूल दिली होती का?" दिली होती, आणि तेव्हा कुठल्याशा औषधानं तिचा श्वास अडकला होता. औषधाचं नाव मला आठवेना. तो जुना दवाखाना कधीच बंद झालेला. कागद होता आईच्या मोबाइलमध्ये, कुलपाआड. तो पाहिल्याशिवाय ऑपरेशनला हात लावायला डॉक्टर तयार नव्हते, आणि आईला तर कूसही बदलता येत नव्हती.

दुखणं थांबवायच्या इंजेक्शननं तिचे डोळे मिटत होते. मी कानाशी विचारलं, "पासवर्ड काय ठेवलायस?"

"माझं नाव," ती म्हणाली आणि झोपली.

हे तर सोपंच होतं. मी नाव टाकलं. उघडेना. आडनाव जोडलं, बाबांचं नाव जोडलं, जन्मसाल जोडलं. छे! आधी मला तिचा राग आला, मग माझाच, आणि मग नुसती भीती वाटायला लागली. शेवटी येवल्याला मामाला फोन लावला. तो पैठणीच्या मागावरून उठून बाहेर आला. आईचं कुठलं नाव टाकून पाहिलं, ते मी सांगितलं.

"अगं, हे तर तुमच्या घरचं नाव," तो म्हणाला. "लग्नात तुझ्या बापानं तांदळाच्या ताटात अंगठीनं काढलं, ते. आमच्याकडं तिचं नाव येगळंच हाय. तुला ठाऊक नाय?"

मला ठाऊक नव्हतं. मामा तिला ताई म्हणतो, आजोळी सगळेच ताई म्हणायचे. माझ्या लग्नात सासरच्यांनी तसंच तांदळाचं ताट पुढं केलं, तेव्हा आईनंच ते बाजूला सारलं होतं. "माझ्या मुलीला नाव आहे," एवढंच म्हणाली होती. तिचं कुठं गेलं, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

मामानं सांगितलेलं नाव टाकलं. फाइल उघडली. कागद डॉक्टरांना दाखवला आणि जिन्यात बसून रडले.

ऑपरेशन नीट झालं. आई घरी आली, वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली. एका दुपारी मी तिला त्या नावानं हाक मारून पाहिली. "ओ," ती झटकन म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघून चक्क लाजली.

"आता पासवर्ड बदल," मी म्हटलं. "मला कळलाय, मामाला कळलाय."

"एकदा बदललं माझं ते नाव, तेवढं पुरे," आई म्हणाली. "आता नाही बदलायची."