मेसईदच्या किनाऱ्यावरची पिवळी खोली

सहा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातला शुक्रवार, कतारमधला मेसईदचा किनारा. हजर: मी, नवरा, मुलगी आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई. कपडे बदलायला रंगीत लाकडी खोल्यांची रांग होती आणि उन्हात रंगाचा उग्र वास सुटला होता. पिवळ्या खोलीतून सासूबाई माझा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. “आजी, सो कूल!” मुलगी ओरडली. “फोटो नाशकात पोचला तर बघ,” मला दटावून त्या कमरेभर पाण्यात शिरल्या. तिथूनच म्हणाल्या, “मला पोहायला शिकव गं.” “पुढच्या शुक्रवारी नक्की, आई.” त्यांचं परतीचं विमान गुरुवारी होतं, तिकीटही मीच काढलेलं, तरी बोलून गेले. आता त्या अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, फोनवर अजून विचारतात, “पाणी कसं आहे गं तिकडे?” शिकवायचं राहिलंच आहे.