गाडीला टांगलेला फोन

मी बी.एस्सी.ला बीडला होते, तेव्हा आईवडील ऊसतोडीला जायचे. आई फोन दिवसभर पोलक्यात खोचून ऊस तोडायची. उसाच्या फडात रेंज कमी असायची. रेंज कमी असली की फोन जास्त जोरानं लहरी सोडतो, हे मी कॉलेजात शिकले होते. त्यानं अपाय होतोच असं नाही, पण छातीशी कशाला ठेवायचा? मी आईला फोनवर तसं सांगितलं.

"लई शिकलीस गं बाई! मग तुजा फोन आलेला मला कळंल कसा? तू तिकडं एकटी हायस."

"तू भाकरी खायला बसतीस तेव्हाच करत जाईन. तवर गाडीला टांग."

ती ऐकेल असं वाटलं नव्हतं. पण तिनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली आणि फोन बैलगाडीला टांगला. टोळीतल्या बाया हसल्या, "आता बैल बोलतेत का गं फोनवर?"

आई म्हणाली, "माजी लेक शिकून सांगती. तुमी बी फोन पोलक्यातनं काढा."

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला मी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. ती गाडीजवळच बसली होती.

पदवी मला नंतर मिळाली. माझ्या शिकण्यावर पहिला भरवसा आईनं ठेवला, आणि तो मला अजून पुरतोय.