नवरीचं नाव सांगा

नवरीचं नाव कळल्याशिवाय आमच्या धवलारणीच्या तोंडून सूर निघत नसे. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. कशेळ्याच्या आसपासच्या गावांत तिच्याशिवाय कुठल्याच पोरीला हळद लागत नव्हती. मांडवात आली की पाण्यालाही हात न लावता पहिला प्रश्न, "नवरीचं नाव काय गं?" मग आईचं, मामाचं, करवलीचं. सगळी नावं ती गाण्यात ओवायची आणि एकही चुकायची नाही. "नाव घेतल्याबिगर लावली ती भाजीतली हळद," असं वर म्हणायची.

कर्जतला शूटिंगसाठी आलेल्या एका दिग्दर्शकाने तिला एका लग्नात ऐकलं आणि गाडीत घालून मुंबईला नेलं. काचेच्या खोलीत उभं केल्यावर हिने विचारलं, "नवरी कुठं हाय?" सगळे हसले. नाव सांगितल्याशिवाय ही गाईना, तेव्हा कुणीतरी सिनेमातल्या नायिकेचं नाव सांगितलं, चंदा. हिने पदराची गाठ सोडून माइकच्या दांड्याला हळद लावली आणि चंदाची हळद गायली. परत आल्यावर आम्हा पोरींना सांगताना मात्र हिरमुसली होती. "सारकी थांबवत व्हती गं. हळद लावताना कोन असं थांबवतं का?"

गाणं तुफान चाललं. पुढे आणखी दोन-तीन सिनेमांत ती गायली. खोपोलीला सत्कार झाला, फलकावर मोठ्या अक्षरांत 'आपल्या धवलारीण मावशी'. आम्हाला कोण अभिमान! पण मांडवामांडवांत डीजे आले, त्यांच्याकडे तिचंच गाणं होतं, मग तिला बोलवायचं कशाला? तिचं बोलावणं आम्हीच बंद केलं. प्रत्येक पोरीच्या हळदीला आवाज तिचा असे आणि नाव चंदाचं.

माझ्या हळदीला ती न बोलावता आली, सत्काराची शाल पांघरून. माझ्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, येवडं गानं बंद करा. पोरीचं नाव घेते नि जाते." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. पोरं नाचत होती, सासरची माणसं उष्टी हळद घेऊन आलेली. मला तिची लाज वाटली. मीच पुढे होऊन म्हणाले,

"मावशे, तुझंच तर गाणं चाललंय. बस ना, जेवून जा."

"त्ये चंदाचं हाय गं. तुजं नाय."

ती जेवली नाही. माझ्या गालाला हळदीचं बोट लावलं तेव्हा तिचे ओठ हलले. डीजेच्या दणदणाटात मला काही ऐकू आलं नाही.

यंदा मार्गशीर्षात ती गेली. तिरडी बांधत होते, तेवढ्यात कुणीतरी कौतुकाने मोबाइलवर तेच गाणं लावलं. मी ते बंद करायला लावलं. तिने लहानपणी शिकवलेल्या दोन ओळी मला येतात, त्या तिच्या नावाने म्हणाव्यात म्हणून उशाशी बसले आणि नावापाशी अडले. जन्मभर नुसतं मावशी म्हटलं होतं. शेवटी तिच्या सुनेला हळूच विचारलं, "मावशीचं नाव काय गं?"

"हौसा," ती म्हणाली.