वाहत्या पाण्यात सोडलेलं झाड

त्या चरात जलपर्णी मी टाकली. एवढं एक वाक्य लिहिण्यासाठी आज मला टेबलावरून तीनदा उठावं लागलं. एकदा पाणी प्यायलो, एकदा उगाच खिडकी लावली, मग पुन्हा उघडली. दीड वर्ष हे वाक्य मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

परळच्या बाजूला रूळ आणि एका बंद गिरणीची मागची भिंत यांच्यामध्ये जमिनीची एक लांब, अरुंद पट्टी आहे. पुलावरून जाणाऱ्याला ती खाली हिरवी दिसते आणि तो पुढे जातो. तिथे भाजीचे दोन मळे आहेत. वरचा काकांचा, खालचा त्यांच्या वहिनीचा. काका, मावशी हे माझे शब्द, नात्यातले ते कोणी नाहीत. दोघे भाऊ गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी कुदळ धरली. थोरला भाऊ गेल्यावर त्याचा मळा त्याच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, चालू ठेवला. लालबागला आमच्या चाळीच्या फाटकापाशी त्या टोपली घेऊन बसत. त्यांच्या हातचा पालक खाऊन मी वाढलो.

भाजीला पाणी गिरणीच्या जुन्या विहिरीचं. पावसाचं जास्तीचं पाणी निघून जावं म्हणून दोन्ही मळ्यांच्या कडेने एक चर खणलेला आहे. तो काकांच्या मळ्याच्या वरच्या टोकाला सुरू होतो, मावशींच्या मळ्यापाशी दोन्ही मळ्यांच्या मधून वळण घेतो आणि भिंतीखालच्या पाइपातून मोठ्या नाल्याला मिळतो.

तो चर बघायला मला मावशींनी शिकवलं. काठाला पाण्यात पाय सोडून उभं असलेलं अळू. पोकळ देठाची नाळीची भाजी, जी काठावरून पाण्यावर सरपटत जायची. वळणावर पाणकणसाचं एक बेट, ते त्यांनी मुद्दाम राखलेलं. मी एकदा विचारलं, हे गवत का नाही काढत? म्हणाल्या, "ते गाळ धरतं रे. ते काढलंस तर माझी माती नाल्यात जाईल, मग पालक काय तुझ्या डोक्यावर लावू?" भिंतीच्या सावलीत टिकलीएवढी हिरवी पानं तरंगायची आणि पाण्याच्या आत केसांसारखं काहीतरी वाढायचं, त्यात बारीक मासे लपत. मावशी आठवड्यातून एकदा कोयता घेऊन उतरायच्या आणि सगळ्यांचं थोडंथोडं छाटायच्या. "कुणाला हाकलायचं नाही, आणि कुणाला पसरू पण द्यायचं नाही," म्हणायच्या. एवढंच त्यांचं शास्त्र. चर वाहता राहायचा.

आमच्या चाळीच्या गॅलरीत निळं पिंप अर्धं कापून त्यात बाबांनी जलपर्णी ठेवली होती. गावच्या तळ्यातून कुणीतरी आणून दिलेली. फुगीर देठ, जांभळं फूल, फुलाच्या वरच्या पाकळीवर पिवळा डोळा. निवृत्तीनंतर बाबा तासन्‌तास त्या पिंपापाशी बसत. ते गेले, मग चाळ पाडायची ठरली आणि आम्हाला संक्रमण शिबिरातल्या खोलीत जायचं होतं. कपाट दिलं, पलंग दिला. पिंप राहिलं.

कचऱ्यात टाकायला हात होईना. आमच्याकडे निर्माल्य, देवाचे जुने फोटो, जे जे टाकवत नाही ते वाहत्या पाण्यात सोडतात. सोडलं की ते टाकलं असं होत नाही. दादरची चौपाटी होती, पण खारं पाणी, झाड मरेल. मग मला चर आठवला आणि आपल्याला हे सुचलं याचं कौतुकही वाटलं. एका रविवारी सकाळी पिंप घेऊन पुलाच्या पायऱ्या उतरलो. काकांच्या शेडमागे, चर सुरू होतो तिथे, झाडं पाण्यात सोडली आणि हात जोडले. "बाबा, इथे बरं वाटेल तुम्हाला," असंही म्हणालो.

पण सोडण्याआधी मी आजूबाजूला पाहिलं होतं, कुणी बघत नाही ना म्हणून. पुण्याचं काम होतं तर हे कशाला पाहिलं? या प्रश्नाने मला नंतर कुठेच धड बसू दिलं नाही.

उन्हाळ्यात फुलं आली. मी पुलावरून फोटो काढून बहिणीला पाठवला, बाबांचं झाड फुललं म्हणून. मावशींनी ते फूल केसात माळलं आणि म्हणाल्या, "कुठून आलं देव जाणे, पण छान आहे." तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. तेव्हा ते सांगणं किती सोपं होतं!

मग पाऊस लागला. जलपर्णीला शेजारधर्म नसतो. एक झाड आडवा फुटवा काढतं, त्याच्या टोकाला दुसरं, त्याला तिसरं. बघता बघता वरून पाणी दिसेना. खाली उजेड जाईना. केसांसारखं ते वाढलेलं कुजून काळं पडलं, टिकल्या नाहीशा झाल्या, नाळीची भाजी काठावर चिरडली गेली, मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले. एका जोराच्या सरीत तो सगळा गालिचा खाली सरकला आणि वळणावर पाणकणसाला अडकून बुचासारखा बसला. पाणी मावशींच्या मळ्यात वळलं. पालक, लाल माठ, मुळा, सगळं चार दिवसांत पिवळं आणि बुळबुळीत.

मी पिशवी घेऊन पोचलो तेव्हा मावशी पोटरीभर पाण्यात उभ्या होत्या आणि चराच्या पलीकडून काका बोलत होते.

"वहिनी, माझ्यापण चरात आहे ना ते!"

"तुझा मळा बुडाला काय?"

"उतार तुमच्या बाजूला आहे, त्याला मी काय करू?"

"उतार काय आज झाला? इतकी वर्षं नव्हता? वरून आलं हे. वर कोण राहतं?" मावशी रागावल्या की मालवणीवर जात. "दोन्ही मळे एक करूचे आसत तुका, मेल्या. माका म्हायत आसा!"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मावशी, जाऊ दे ना." एवढंच. पिशवी हातात घट्ट धरून.

त्यानंतर दर रविवारी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चरात उतरू लागलो. ओढून काढायची, काठावर ढीग करायचा. आठवड्याने यावं तर तेवढीच पुन्हा. मावशी चहा द्यायच्या आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "बघा, हा परका. आणि सख्खा दीर बघा." तो चहा मी पीत होतो. काकाही त्यांच्या बाजूने मुकाट्याने उपसत होते. पण त्यांच्या काठावर जेवढा ढीग वाढे, तेवढा मावशींना पुरावा दिसे.

एकदा पुलाच्या पायरीवर काकांनी मला थांबवलं. "तुला पण वाटतं का रे, मी टाकलं?"

"नाही काका."

"मग तिला सांग ना. तुझं ऐकते ती."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही.

गेल्या गणपतीत मावशी पाय दुखतो म्हणून काकांकडे गेल्या नाहीत. त्यांच्या घरचा गणपती एकच, तो काकांच्या खोलीत बसतो आणि गौरीच्या नैवेद्याचं अळू मावशींच्या मळ्यातलं असतं. ते अळू मला पोचवायला सांगितलं. मी पोचवलं.

दादरच्या ऑफिसात माझं लक्ष लागेना. ढग आले की मी खिडकीशी. जेवणाच्या सुट्टीत टॅक्सी करून चर बघून यायचो, नुसता बघून. घरी येताना रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून भाजी. बायको म्हणाली, "अहो, एवढा माठ खाणार कोण? आपण काय बकऱ्या पाळल्यात?" मुलं हसली. मीही हसलो आणि उठून बाहेर गेलो.

यंदा आषाढात मावशींनी मला बोलावून एक नवा कोरा पाट हातात दिला. गणपतीआधी पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्ती त्यावर बसवून आणायची, ही आमच्याकडची रीत.

"जुना पाट त्यांच्याकडे आहे. हा मी करून घेतला," त्या म्हणाल्या. "यंदापासून माझा गणपती वेगळा. ज्याने माझा मळा बुडवला त्याच्या घरी बसून मी मोदक वळू? लालबागचा तो कारखानावाला तुझ्या ओळखीचा ना, देऊन ये. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?"

पाट काखेत घेऊन निघालो. गणपती वेगळा झाला की घर वेगळं झालं. आणि तो पाट पोचवणार कोण, तर मी. पाट जड नव्हता, तरी मी दोनदा काख बदलली. कारखान्यात मूर्ती अजून रंगाविना पांढऱ्या उभ्या होत्या. कारागिराने पाट उलटा केला, खडू घेतला.

"बोला, नाव काय टाकू?"

मावशींचं आडनाव आणि काकांचं आडनाव एकच. तेवढंही माझ्या तोंडून निघेना.

"बोला ना साहेब, मागे लाइन लागलीय."

"नंतर येतो," म्हणालो आणि पाट त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. परत येताना मी चालत नव्हतो, धावत होतो. थांबलो असतो तर माझा विचार बदलला असता.

मावशी वाफ्यात खुरपत होत्या. काका चराच्या पलीकडे, हातात कोयता.

"काय रे, घेतला नाही त्याने पाट?"

"मावशी, ती जलपर्णी मी टाकली."

त्या आधी हसल्या. "वेडा झालास काय? ह्याने शिकवून पाठवला तुला?"

मग मी सांगितलं. पिंप, बाबा, रविवार, शेडमागची जागा. आजूबाजूला बघितलं तेही. मावशी बांधावर बसल्या. खुरपं हातातच राहिलं.

"माझ्या हातचा चहा प्यायलास."

"हो."

"दर रविवारी."

"हो. मावशी, मला मा..."

त्यांनी हात वर केला. "माझी माफी नंतर. माझी भाजी गेली, ती परत येईल. त्याला मी दोन पावसाळे चोर म्हटलं." मग उठल्या, माझ्या काखेतला पाट काढून घेतला, पदराने पुसला आणि आपल्या शेडच्या भिंतीला उलटा टेकवून ठेवला. "जा. त्याच्याकडे जा."

वळसा घालून वाट होती. मी सरळ चरात उतरलो. गुडघाभर चिखल, पायाशी उपसूनही उरलेली ती फुगीर देठांची झाडं. पलीकडे चढलो. काकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि वाट बघत उभे राहिले. ते काही बोलून मला सोपं करतील असं वाटत होतं.

"काका," मी म्हणालो, "झाड सोडलं तेव्हा हे असं होईल ते मला माहीत नव्हतं. पण तुमच्यावर आळ आला तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुम्ही पायरीवर विचारलंत, तेव्हाही माहीत होतं. मी तुमच्या घरी अळू आणून दिलं आणि गप्प राहिलो. मला माफ करा."