आठवा शटआउट

रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या श्यामरावांचा दुपारी डोळा लागत नाही. आडवे झाले रे झाले की कानात आवाज येतो, थप्प. चामड्याच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा. बायको वनमाला म्हणते, "कान दाखवा डॉक्टरले." कान काय दाखवायचे कपाळ! तो चेंडू कोणाच्या हातचा ते श्यामरावांना पक्कं ठाऊक आहे. इंद्रजीतच्या. आणि इंद्रजीतला जाऊन वर्ष होत आलं.

अठ्ठावीस वर्षांआधीची गोष्ट. रायपुरात पगारी बेसबॉल संघांची स्पर्धा निघाली, एक मोसम चालली अन् बुडाली. रेल्वेतली बाबूगिरी सांभाळून श्यामराव तिथं स्कोअर लिहायचे. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, समोरच्यांना एकही रन न देता अख्खा सामना काढला, की त्याच्या नावापुढं एक शटआउट. तिथल्याच राकेशचे सात झाले, दुसऱ्या संघातल्या आपल्या मराठी इंद्रजीतचेही सात. ज्याचे जास्त होतील त्याला एका कारखान्यात नोकरी ठेवलेली. बरोबरी राहिली तर ती वयानं मोठ्या राकेशला. इंद्रजीतचा एक सामना तेवढा उरला होता.

त्या सामन्याच्या शेवटच्या डावात तिकडं दुसऱ्या बेसवर डाव संपवणारा तिसरा गडी बाद झाला आणि इकडं समोरच्यांचा एक पोट्टा रन पुरा करायला घसरत होमप्लेटवर आला. बाद आधी झाला असेल तर रन नाही. अंपायरची पाठ होती इकडं. त्यानं श्यामरावांनाच विचारलं, "बाबूजी, पहले क्या हुआ?"

बाद आधी झाला होता. श्यामरावांनी लख्ख पाहिलं होतं. पण मागून कोणीतरी ओरडलं, "मराठी बाबू है, मराठी को ही जिताएगा!" झालं! परमुलखात राहणाऱ्याची ही खोडच मेली, आपल्या माणसाला हक्काचं द्यायलाही जीभ रेटत नाही. श्यामराव म्हणाले, "रन पहले."

सामना इंद्रजीतच जिंकला, पण नोकरी राकेशला गेली. जाताना इंद्रजीत टेबलाशी थांबला. "काका, तुमी पाह्यलं होतं ना?" श्यामरावांनी वहीतून मान वर केली नाही. पुढं त्याच हातांनी इंद्रजीतनं पंडरीच्या बाजारात जन्मभर कापडाचे गठ्ठे उचलले.

परवा त्याची पोट्टी रुचिता दारात आली. तीही पिचर आहे म्हणे. "दादाजी, पापा के सीझन की कॉपी है क्या? फोटो लेना था."

श्यामरावांनी वही काढून दिली अन् त्यांचा बांधच फुटला. सगळं सांगितलं. "पोरी, मले शिव्या घाल. तुह्या बापाचा आठवा मी खाल्ला."

रुचिता जराही दचकली नाही. "पापा को मालूम था, दादाजी. मम्मी बोलती थी, शिकायत करो. पापा बोलते थे, काका अपने आदमी हैं, अपने आदमी की शिकायत नहीं करते."

फोटो काढून, नमस्कार करून ती गेली. वनमालानं दुपारचं अंथरूण घातलं, तेव्हा श्यामराव म्हणाले, "राहू दे. आता कायची झोप येते!"