दोन मसुदे आणि बारा सह्या

पाचव्या घराचे दार बंद झाले तेव्हा माझ्या हाती दोन फोल्डर होते आणि सह्या फक्त दोन. हव्या होत्या बारा. सुमनताई फूटपाथवर उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, मंगळवारी मीटिंग आहे. आज शनिवार." जणू मला वार ठाऊक नव्हते.

सुमनताई मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेत, टेक्सासमधील प्लेनो शहरातल्या आपल्या घरात त्या पाळणाघर चालवीत. आठ मुले, राज्य सरकारचे लायसन्स, सर्व काही रीतसर. परंतु त्यांच्या वसाहतीत एचओए होती. एचओए म्हणजे घरमालकांची संस्था. गवत किती उंच वाढावे इथपासून सर्व बाबतींत तिची सत्ता चालते. कोणीतरी नाव न देता तक्रार केली आणि संस्थेचे पत्र आले: आसपासच्या वीस घरांपैकी बारा मालकांची लेखी संमती आणा, अन्यथा पाळणाघर बंद करा. सुमनताईंच्या यजमानांची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती. घर त्या आठ मुलांवर चालले होते.

माझा व्यवसाय अर्जलेखनाचा. शिक्षण नववीपर्यंत. परंतु तहसील कचेरीसमोर अठरा वर्षे टेबल मांडून बसलो आणि माझा मसुदा चूक काढून परत पाठवल्याचे स्मरत नाही. पुढे बहिणीने अमेरिकेत बोलावले. तिच्या कुटुंबासोबत तीन वर्षे दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या क्युपर्टिनोत काढली, नंतर आम्ही सगळेच प्लेनोत आलो. येथेही एका भारतीय किराणा दुकानाच्या कोपऱ्यात माझे टेबल आहे. मी वकील नव्हे; कायद्याचा सल्ला देत नाही, मजकूर देतो. माझे इंग्रजी कचेरीतले आहे. त्यावर भाची शेवटचा हात फिरवते.

कचेरीसमोर मी एक गोष्ट शिकलो होतो. अर्ज कोणाच्या हाती पडणार हे पाहून तो लिहावा. एका साहेबास कष्टाळू अर्जदार आवडे, दुसऱ्यास लाचार. म्हणून मी सुमनताईंसाठी, येथील दोन पक्षांच्या रंगांप्रमाणे, दोन मसुदे केले. निळ्या फोल्डरमधला डेमोक्रॅट शेजाऱ्यांसाठी: नोकरदार मातांचे हाल, समाजाची सामूहिक जबाबदारी. लाल फोल्डरमधला रिपब्लिकन शेजाऱ्यांसाठी: स्वतःच्या पायावर उभी राहिलेली स्त्री, खाजगी मालमत्तेचा हक्क, कोणाची ढवळाढवळ नको.

प्रश्न एवढाच होता की कोण कोणत्या पक्षाचा. निवडणूक होऊन काही महिने लोटले होते. अंगणातील प्रचाराच्या पाट्या उतरल्या होत्या. पण मला त्याची चिंता नव्हती. क्युपर्टिनोत मी पाहिले होते की मोठे घर, परदेशी गाडी आणि महागडी कॉफी असलेली माणसे निळ्या पक्षाची असतात. टीव्हीवरही तेच सांगत: शिकलेला श्रीमंत निळा, पिकअपवाला कष्टकरी लाल. मी घर पाहत होतो, गाडी पाहत होतो आणि फोल्डर उघडत होतो.

पहिल्या दोन घरांनी कागद न वाचता सही केली. पुढे वाचणारे लोक सुरू झाले.

तिसरे घर दुमजली, दारात जर्मन गाडी. मी निळा कागद दिला. बाईंनी चष्मा लावून पूर्ण वाचला. "हिचं कष्ट करणं मला आवडतं," त्या सुमनताईंकडे पाहून म्हणाल्या, "पण ही सामूहिक जबाबदारी म्हणजे उद्या माझ्याच टॅक्समधून ना?" कागद दोन बोटांनी परत आला. चौथे घर तसेच मोठे, उत्तरही तसेच, फक्त जास्त गोड.

पाचव्या घरासमोर जुना पिकअप, त्यावर शिडी. मालक इलेक्ट्रिशियन. मी लाल कागद पुढे केला. त्याने दोन ओळी वाचल्या आणि तो हसला.

"ढवळाढवळ नको? माझी बायको सरकारी शाळेची बस चालवते, आमचा हेल्थ इन्शुरन्स तिच्याच नोकरीतून येतो. तुम्ही मला कोण समजलात?"

मी पिकअपकडे पाहिले. त्याने ते पाहिले.

"त्यात मी शिडी ठेवतो, मिस्टर. मत नाही ठेवत." आणि दार लावून घेतले.

सहावे घर एका निवृत्त मराठी डॉक्टरांचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ टेक्सासमध्ये. सुमनताई त्यांना काका म्हणत. त्यांनी आम्हांला आत बसवले, चहा दिला आणि कोणता फोल्डर उघडावा या विचारात मी असताना दोन्ही ओढून घेतले.

वाचून ते म्हणाले, "तुम्ही क्युपर्टिनोचा नकाशा घेऊन प्लेनोत फिरताय. तिथं मोठं घरसुद्धा निळं. इथं मोठं घर लाल, आणि पिकअपवाला पुष्कळदा निळा. टीव्हीवाले सगळ्या देशाला एकच शर्ट शिवतात."

"मग फोल्डर उलटे करतो," मी म्हणालो. उपाय सोपा होता.

"बरं. मी कुठला?"

मी घराकडे पाहिले. झुंबर होते. "लाल," मी म्हणालो.

"गेल्या वेळी होतो. त्याआधी निळा होतो. या वेळी कुणाला मत दिलं ते तुमच्या काकूलाही सांगितलेलं नाही."

"अजून विचारतेय मी," आतून काकूंचा आवाज आला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. "मसुदे छान आहेत हो. पण यात पाळणाघर कुठं आहे? मुलं किती, येतात कधी? आणि सुमन, सकाळी मुलांना सोडायला येणारी ती व्हॅन माझ्या गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेवर आडवी उभी असते. परवा माझी कार्डिऑलॉजिस्टची अपॉइंटमेंट चुकली."

सुमनताईंचा चेहरा उतरला. "काका, तक्रार तुम्ही केलीत?"

"नाही. पण मनात केली होती."

त्या क्षणी मला पाय फार दुखत असल्याचे जाणवले. आम्ही पाच घरे फिरलो होतो आणि तुम्हांला त्रास काय होतो, असे एकालाही विचारले नव्हते.

सुमनताईंनी डॉक्टरांच्याच टेबलावर एक कोरा कागद ओढला. चार वाक्ये लिहिली. मुले आठ. वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सहा. गाड्या केवळ माझ्याच ड्राइव्हवेत थांबतील. काही त्रास झाला तर माझी बेल वाजवा. आरंभी आदरपूर्वक निवेदनही नव्हते. मी ते सुचवले. त्यांनी ऐकले नाही.

त्यावर डॉक्टरांनी पहिली सही केली. मग आम्ही पुन्हा मागच्या घरांकडे गेलो. जर्मन गाडीच्या बाईंनी विचारले, "खरंच व्हॅन नाही थांबणार?" आणि सही केली. इलेक्ट्रिशियनने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. रविवारी संध्याकाळपर्यंत तेरा सह्या झाल्या. कोण कोणत्या पक्षाचा, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

मंगळवारी संस्थेच्या समितीने परवानगी दिली, परंतु सहाच मुलांची, आणि वर्षभरापुरती. दोन मुले कमी करावी लागणार होती. मी सुमनताईंना म्हणालो की त्या दोन कुटुंबांसाठी सुरेख पत्र लिहून देतो. खेदाची भाषा माझ्याकडे चांगली आहे.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "ते मी त्यांच्यासमोर बसूनच सांगते." आणि सांगितलेही, दोघांच्या घरी जाऊन. एका आईने पुढे त्यांच्याशी बोलणे टाकले.

तेव्हापासून माझ्या टेबलासमोर कोणी बसले की मी आधी विचारतो, विरुद्ध बाजूचे नेमके म्हणणे काय आहे. बहुतेकांना ते ठाऊक नसते. आधी जाऊन विचारून या, म्हणून मी त्यांना परत पाठवतो. काम निम्म्याने घटले आहे.