सहा बकऱ्यांचे तुकडे

नायट्रोजन मी भरला नव्हता. फोनवर मात्र भरला म्हणालो.

रायपूरच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. तिथं एक मुलगी पीएचडी करत होती. बकरी गाभण राहिल्यावर पहिल्या पंधरा-सोळा दिवसांत तिच्या गर्भाशयात कोणती जनुकं जागी होतात, हा तिचा विषय. गर्भ तेव्हा भिंतीला नीट चिकटलेलाही नसतो, तरी तो आल्याची खबर आईच्या पेशींना लागलेली असते. ती खबर आरएनएमध्ये वाचता येते. पण आरएनए फार लवकर नासतो, म्हणून गर्भाशयाचे तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायचे, आणि तो उडून जातो म्हणून वरचेवर भरायचा. भरायचं काम माझं. त्या तुकड्यांसाठी सहा गाभण बकऱ्या कापल्या होत्या. त्यांना चारा तीच घालायची.

हरेलीच्या सणाला सुट्या जोडून आल्या आणि ती गावी गेली. मी माझ्या पोरीच्या साखरपुड्याच्या साड्या घ्यायला शहरातल्या सदर बाजारात होतो, तेव्हा तिचा फोन आला.

“काका, नायट्रोजन टाकलं न?”

“हव, टाकलं. तू सण कर बिनघोर.”

संध्याकाळी जाऊन भरू, असं खरंच मनात होतं. गेलो तिसऱ्या दिवशी. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं तर वाफ आली नाही. कुप्यांतले तुकडे मऊ पडले होते. मी घाईघाईनं नायट्रोजन ओतला. ते पुन्हा दगडासारखे गोठले. बाहेरून काहीच कळत नव्हतं.

पुढे तिची प्रत्येक चाचणी फसली. हाताच्या स्पर्शानंही आरएनए नासतो, म्हणून तिच्या मार्गदर्शक सरांनी दोष तिच्या हातांना दिला. “या हातानं पापड लाट, बाई. हे तुह्या बसचं काम नाही.” सगळे हसले. मीही हसलो. ती दोन-दोन हातमोजे घालू लागली, बेसिनपाशी हात घासत उभी राहू लागली.

“काका, माझं काय चुकून राहिलं?”

“होते कधी कधी,” मी म्हणायचो.

पुन्हा बकऱ्या कापायची परवानगी मिळाली नाही. तिनं पीएचडी सोडली. मी नोकरीत राहिलो.

चार वर्षांनी, मागच्या महिन्यात, रायपुरातल्याच गुढियारीत तिच्या भावाच्या औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर तीच होती. माझ्या बोलण्यानं तिला काहीच परत मिळणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

“काका! बसा न. बीपीची गोळी पाहिजे का?” माझ्या हातातला डॉक्टरांचा कागद घेण्याआधी तिनं तळहात ओढणीला दोनदा पुसले.

“गोळी राहू दे, बेटा. त्या हरेलीले नायट्रोजन मी टाकलंच नव्हतं. तुकडे तेव्हाच सडले होते. तुह्या हातात काही खोट नव्हती, अन् हे मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मले माफ कर.”